गिटारचा आवाज ‘फाडणारी’ बाई : रॉक अँड रोलच्या आधीच्या सिस्टर रोझेटा थार्प कोण होत्या?

नांदेडहून अर्धापूरमार्गे निघालं की वारंगा फाटा लागतो. इथे गाड्या थांबतात, गरमागरम खिचडी खाल्ली जाते आणि मग एक रस्ता हिंगोली-वाशिमकडे जातो, तर दुसरा यवतमाळ-वर्धा करत नागपूरच्या दिशेने. आता समजा, याच फाट्यावर राहणाऱ्या एखाद्या मुलीला इलेक्ट्रिक गिटार शिकायची आहे.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी तिची मोठी अडचण गिटारची नसती, ॲम्पची असती. इलेक्ट्रिक गिटार नुसती वाजवली तर शेजारच्या खोलीतही नीट ऐकू जात नाही. तारांची थरथर ॲम्प्लिफायरमधून, म्हणजेच ॲम्पमधून गेली की मगच तिला आवाज फुटतो. चांगला ॲम्प म्हणजे महागडं, जड खोकं. ते आणायला मोठं शहर गाठावं लागणार. आणि त्याचा खरा रंग यायला तो इतक्या जोरात लावावा लागणार की अख्खी गल्ली दारात येऊन उभी.

आज हे सगळं बदललंय. गिटार, तळहातावर मावेल एवढा एक ऑडिओ इंटरफेस, मोबाईल किंवा लॅपटॉप आणि हेडफोन एवढ्यावर काम भागतं. ॲप उघडलं की जुन्या गाजलेल्या ॲम्पची यादीच समोर येते. बोट लावा आणि वाजवा. याला म्हणतात डिजिटल ॲम्प मॉडेलिंग.

पण त्या यादीतले आवाज मुळात गाजवले कोणी, असं विचारलं तर उत्तरं ठरलेली असतात. चक बेरी, जिमी हेंड्रिक्स, एरिक क्लॅप्टन. सगळे पुरुष. या सगळ्यांच्या आधी हातात इलेक्ट्रिक गिटार घेऊन हजारोंच्या गर्दीसमोर उभी राहणारी एक कृष्णवर्णीय बाई होती, हे फार थोड्यांना माहीत असतं. तिचं नाव सिस्टर रोझेटा थार्प.

आधी समजून घेऊ, ॲम्पचा आवाज ‘फाटतो’ म्हणजे काय?

गणपतीच्या मिरवणुकीत स्पीकरचा आवाज क्षमतेबाहेर वाढवला की लोक म्हणतात, आवाज फाटतोय. गिटारच्या जुन्या ॲम्पमध्येही असंच काहीसं व्हायचं. त्यात काचेच्या व्हॅक्यूम ट्यूब असायच्या. जुन्या काळच्या रेडिओतले व्हॉल्व्ह आठवत असतील, तर तेच. या ट्यूबना झेपेल त्यापेक्षा जोरकस सिग्नल आला की लहरींची टोकं कापली जातात. त्यातून आवाजाला एक खरखर, एक धार येते. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. सुरुवातीला हा ॲम्पचा दोष मानला जायचा. पुढे तीच रॉक संगीताची ओळख झाली.

मॉडेलिंगमध्ये हा सगळा प्रवास गणिताने उभा केला जातो. गिटारचा सिग्नल आकड्यांमध्ये बदलला जातो. ट्यूब त्याच्याशी कशी वागली असती, खोक्यातला स्पीकर तो कसा बाहेर फेकला असता, समोरच्या माईकने तो कसा पकडला असता, याचा हिशोब सेकंदाच्या अगदी छोट्या भागात होतो. रोलँड कंपनीचं व्हीजी-८ हे यंत्र १९९५ मध्ये आलं. १९९८ मध्ये लाइन सिक्स कंपनीच्या ‘पॉड’ या छोट्या डब्याने हे तंत्र घराघरांत नेलं. आता तर फुकट मिळणारी सॉफ्टवेअरही आहेत.

थोडक्यात, आजचं यंत्र ज्याची नक्कल करतं, तो आवाज आधी कोणीतरी खऱ्या लाकडा-तारांवर आणि खऱ्या ट्यूबवर शोधून काढला होता. लोकप्रिय संगीतात इलेक्ट्रिक गिटारचा असा फाटका, धारदार आवाज अगदी सुरुवातीला वापरणाऱ्या मोजक्या लोकांमध्ये रोझेटा थार्प यांचं नाव घेतलं जातं.

कापसाच्या गावातली चार वर्षांची गिटारवादक

२० मार्च १९१५. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात कॉटन प्लांट नावाचं गाव. नावातच कापूस. आई-वडील दोघेही कापसाच्या शेतात राबणारे. मराठवाडा-विदर्भातल्या वाचकाला हे चित्र वेगळं सांगायला नको.

आई केटी बेल नुबिन या गायच्या, मँडोलिन वाजवायच्या आणि धर्मप्रचारही करायच्या. त्या ज्या चर्चशी जोडलेल्या होत्या त्याचं नाव ‘चर्च ऑफ गॉड इन क्राइस्ट’. कृष्णवर्णीयांच्या या पंथात भक्ती म्हणजे हात जोडून गप्प बसणं नव्हतं. टाळ्या, ठेका, नाच, वाद्यं हे सगळं चालायचं. आणि बायकांनी लोकांसमोर उभं राहून गाण्याला तिथे मनाई नव्हती.

लहानगी रोझेटा चौथ्या वर्षीच गिटार घेऊन गायला लागली. सहाव्या वर्षापासून ती आईबरोबर गावोगाव फिरू लागली. आई उपदेश करायची, मुलगी गिटारवर गर्दी खेचायची. १९२० च्या दशकाच्या मध्यावर मायलेकी शिकागोत स्थिरावल्या. दक्षिणेकडचे लाखो कृष्णवर्णीय लोक तेव्हा काम आणि थोडा मान शोधत उत्तरेकडच्या शहरांत येत होते. त्यांच्याबरोबर ब्लूज आणि जॅझही शहरात आलं होतं. रविवारी चर्चमध्ये भक्तिगीतं, बाहेर रस्त्यावर ब्लूज. रोझेटाच्या कानांत दोन्ही उतरलं.

१९३४ मध्ये, १९ व्या वर्षी तिचं लग्न थॉमस थॉर्प नावाच्या धर्मोपदेशकाशी झालं. संसार टिकला नाही. आडनाव मात्र थोड्या बदललेल्या स्पेलिंगसह कायमचं राहिलं. थॉर्पचं झालं थार्प.

चर्चमधून थेट नाइट क्लबमध्ये

१९३८ मध्ये रोझेटा नवऱ्याला सोडून आईसोबत न्यूयॉर्कला आल्या आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्यांचं आयुष्य पालटलं.

ऑक्टोबरमध्ये त्या प्रसिद्ध कॉटन क्लबमध्ये गाऊ लागल्या. ३१ ऑक्टोबरला डेक्का कंपनीसाठी त्यांनी पहिली चार गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यातलं ‘रॉक मी’ गाजलं. २३ डिसेंबरला कार्नेगी हॉलमध्ये जॉन हॅमंड यांनी भरवलेल्या ‘फ्रॉम स्पिरिच्युअल्स टू स्विंग’ या मोठ्या मैफलीत त्या गायल्या. काही महिन्यांपूर्वी चर्चपुरत्या माहीत असलेल्या २३ वर्षांच्या बाईचं नाव आता सगळीकडे झालं.

पण घरच्या अंगणात वादळ उठलं. त्या गात होत्या ती गॉस्पेल गाणी, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली भक्तिगीतं. आणि गात होत्या कुठे, तर दारू, नाच आणि अर्धवट कपड्यांतल्या नर्तकी असलेल्या क्लबमध्ये.

हे किती मोठं धाडस होतं ते आपल्याकडच्या उदाहरणावरून समजेल. गावात सप्ताह बसलाय. रोज टाळ-मृदंगावर अभंग गाणारी बाई दुसऱ्या दिवशी तमाशाच्या फडात, ढोलकीवर तेच अभंग गायला लागली तर? गावात काय बोललं जाईल? महाराष्ट्रातही साधारण याच काळात हिराबाई बडोदेकर तिकीट लावून जाहीर मैफली करत होत्या आणि बाईने चारचौघांत बसून गावं का, हा प्रश्न आपल्याकडेही संपलेला नव्हता.

वारंगा फाट्यावर आलेल्या गाडीला एक रस्ता निवडावाच लागतो. रोझेटा यांच्यासमोरही असाच फाटा होता. एकीकडे चर्च, दुसरीकडे क्लब. त्यांनी शक्य तेवढा काळ दोन्ही रस्ते धरून ठेवले. याची किंमतही मोजली. धार्मिक श्रोते दुरावायचे, मग त्या पुन्हा फक्त भक्तिगीतांकडे वळायच्या, मग पुन्हा वेगळं काही करून बघायच्या. १९५३ मध्ये त्यांनी थेट ब्लूज गाणी मुद्रित केली तेव्हा चर्चचा श्रोता फारच दुखावला आणि त्यांची अमेरिकेतली लोकप्रियता ओसरू लागली.

रॉक अँड रोलच्या दहा वर्षं आधी

दुसऱ्या महायुद्धात परदेशात लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांसाठी ‘व्ही-डिस्क’ नावाच्या खास तबकड्या निघायच्या. त्यावर गॉस्पेल गाणाऱ्यांपैकी फक्त दोघांना जागा मिळाली. एक होता गोल्डन गेट क्वार्टेट हा पुरुषांचा गट आणि दुसऱ्या रोझेटा.

१९४४ मध्ये त्यांनी पियानोवादक सॅमी प्राइस यांच्या साथीने ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ हे गाणं मुद्रित केलं. शब्द भक्तीचे, पण ठेका पाय हलवायला लावणारा आणि मध्ये इलेक्ट्रिक गिटारचा जोरदार तुकडा. १९४५ मध्ये हे गाणं बिलबोर्डच्या कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. त्या काळी या यादीला ‘रेस’ यादी म्हणत. त्यात शिरलेलं हे पहिलं गॉस्पेल गाणं. काही अभ्यासक तर याच गाण्याला पहिलं रॉक अँड रोल गाणं मानतात.

आता तारखा बघा. एल्विस प्रेस्लीने ‘दॅट्स ऑल राइट’ मुद्रित केलं जुलै १९५४ मध्ये. चक बेरीचं ‘मेबेलीन’ आलं १९५५ मध्ये. म्हणजे रोझेटा यांचं गाणं दहा वर्षं आधीचं.

लिटल रिचर्डची गोष्ट तर आणखी थेट आहे. १९४७ मध्ये जॉर्जियातल्या मेकन शहरात रोझेटा यांचा कार्यक्रम होता. १४ वर्षांच्या रिचर्डचं गाणं त्यांच्या कानावर पडलं. त्यांनी त्याला थेट रंगमंचावर बोलावलं आणि गायला लावलं. पुढे हाच मुलगा रॉक अँड रोलचा मोठा तारा झाला. एल्विस, जॉनी कॅश, जेरी ली लुईस यांच्यावरही रोझेटा यांचा प्रभाव होता.

स्टेजवर टाळ्या, हॉटेलच्या दारात नकार

रोझेटा यांच्या तबकड्या विकल्या जात होत्या, कार्यक्रमांना गर्दी होत होती. पण अमेरिकेच्या दक्षिणेत वर्णभेदाचे कायदे होते. गोऱ्यांच्या हॉटेलात त्यांना खोली मिळायची नाही, समोरच्या दाराने जेवायला जाता यायचं नाही. म्हणून दौऱ्यांसाठी त्यांनी स्वतःची बस ठेवली. त्यातच झोपायची सोय केली.

काही काळ ‘जॉर्डनेअर्स’ हा गोऱ्या गायकांचा गट त्यांच्या साथीला असायचा. मुख्य कलाकार रोझेटा, पण हॉटेलातून जेवण आणायला जायचे ते हे साथीदार. कारण त्यांना आत प्रवेश होता. हाच जॉर्डनेअर्स गट पुढे एल्विसच्या मागे गाऊन जगप्रसिद्ध झाला.

१९४६ मध्ये रोझेटा यांची गाठ गायिका मेरी नाइट यांच्याशी पडली. दोन बायका, एक गिटार, एक पियानो आणि देशभर दौरे. त्यांचं ‘अप अबव्ह माय हेड’ हे गाणं खूप गाजलं. पुरुष मॅनेजर आणि पुरुषांचा बँड यांच्याशिवाय दोन कृष्णवर्णीय बायकांनी स्वतःच्या नावावर कार्यक्रम चालवणं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

आणि मग ते लग्न. ३ जुलै १९५१ रोजी वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियममध्ये रोझेटा यांनी रसेल मॉरिसन यांच्याशी तिसरं लग्न केलं. लग्नाला तिकीट होतं! सुमारे २५ हजार लोक पैसे मोजून आले. विधी झाले, नंतर नवरी लग्नाच्या पोशाखात गिटार घेऊन गायली, शेवटी फटाके उडाले. डेक्का कंपनीने सगळ्याचं ध्वनिमुद्रणही केलं. आज सेलिब्रिटींच्या लग्नाचे हक्क विकले जातात तेव्हा आपल्याला नवल वाटतं. रोझेटा यांनी ते ७० हून अधिक वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं.

पावसातलं रेल्वे स्टेशन आणि पांढरी गिटार

अमेरिकेत नव्या पोरांचं रॉक अँड रोल सुरू झालं आणि ज्यांनी त्याचा पाया घातला त्या रोझेटा मागे पडल्या. १९५७ मध्ये ब्रिटिश जॅझवादक ख्रिस बार्बर यांनी त्यांना इंग्लंडला बोलावलं. युरोपने त्यांना पुन्हा डोक्यावर घेतलं.

७ मे १९६४ रोजी मँचेस्टरमधल्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर ग्रॅनडा टीव्हीने कार्यक्रम ठेवला. एका फलाटावर श्रोते, समोरच्या फलाटावर कलाकार, मध्ये रूळ. त्या दिवशी पाऊस पडला. ४९ वर्षांच्या रोझेटा घोडागाडीतून आल्या, अंगावर जाड कोट, गळ्यात पांढरी गिब्सन एसजी गिटार. पावसाला साजेसं ‘डिडन्ट इट रेन’ हे गाणं त्यांनी धरलं आणि मधल्या तुकड्यात गिटार अशी वाजवली की समोरची गोरी तरुण पोरं ठेका धरून टाळ्या वाजवू लागली. रोझेटा यांचं वादन डोळ्यांनी बघायचं असेल तर हाच व्हिडिओ शोधा. आज सोशल मीडियावर त्यांची जी ओळख झाली आहे, ती मोठ्या प्रमाणात या काही मिनिटांमुळे.

त्यांच्या काळी त्यांचं कौतुक करताना एक ठरावीक वाक्य वापरलं जायचं. बाई असून पुरुषासारखी वाजवते. बोलणाऱ्याला ही मोठी शाबासकी वाटायची. पण चांगलं वाजवणं म्हणजे पुरुषासारखं वाजवणं, हे त्यात गृहीत धरलेलंच असायचं. असं कौतुक टाळ्या मिळवून देतं, इतिहासात जागा मिळवून देत नाही.

३५ वर्षं नाव नसलेली कबर

१९६८ मध्ये आई गेली. १९७० मध्ये रोझेटा यांना पक्षाघाताचा झटका आला. मधुमेहामुळे एक पाय कापावा लागला. तरीही त्या गात राहिल्या. नवं ध्वनिमुद्रण ठरलेलं असतानाच दुसरा झटका आला आणि ९ ऑक्टोबर १९७३ रोजी फिलाडेल्फियात त्यांचं निधन झालं. वय ५८.

ज्यांच्या लग्नाला २५ हजार लोक तिकीट काढून आले होते, त्यांच्या कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. २००७ मध्ये गेल वॉल्ड यांनी लिहिलेलं त्यांचं चरित्र आलं. २००८ मध्ये चाहत्यांनी कार्यक्रम करून पैसे जमवले आणि मग कुठे कबरीवर नाव आलं.

अधिकृत मान-सन्मानाचा हिशोबही असाच आहे. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये १९८६ साली पहिल्यांदा कलाकार निवडले गेले. त्यात चक बेरी, एल्विस, लिटल रिचर्ड, जेरी ली लुईस होते. कलाकारांच्या त्या पहिल्या तुकडीत एकही बाई नव्हती. रोझेटा यांचा समावेश झाला २०१८ मध्ये. त्यांच्या प्रभावाखाली वाढलेल्यांना मान मिळाल्यावर तब्बल ३२ वर्षांनी आणि मृत्यूनंतर ४५ वर्षांनी.

‘रोलिंग स्टोन’ मासिकाने २००३ मध्ये १०० महान गिटारवादकांची यादी काढली. त्यात बायका फक्त दोन, जोनी मिचेल आणि जोन जेट. रोझेटा नव्हत्याच. २०२३ मध्ये याच मासिकाने २५० जणांची नवी यादी केली, तेव्हा रोझेटा यांना सहावा क्रमांक मिळाला. या २० वर्षांत त्यांनी एकही नवी तार छेडली नव्हती. बदलली होती ती बघणाऱ्यांची नजर.

मग आजच्या मुलींसाठी याचा अर्थ काय?

फेंडर या गिटार कंपनीने २०१८ मध्ये केलेल्या पाहणीत अमेरिका आणि ब्रिटनमध्ये नव्याने गिटार घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या स्त्रिया असल्याचं दिसलं. ॲम्प मॉडेलिंगमुळे खर्च, वजन आणि आवाज या तिन्ही अडचणी कमी झाल्या. रात्री दहानंतर घरातल्या घरात हेडफोन लावून रियाज करता येतो. सामान वाहायला कोणाच्या गाडीवर किंवा मदतीवर अवलंबून राहावं लागत नाही. ज्या घरांत मुलीने बाहेर जाऊन सराव करण्यावर बंधनं असतात, तिथे हा फरक छोटा नाही.

पण यंत्राने सोय होते, ओळख आपोआप मिळत नाही. उलट एक नवी शंका तयार होते. मुलीच्या रीलखाली लोक विचारतात, ही खरंच वाजवतेय की मशीन? याचं उत्तर सोपं आहे. मॉडेलर आवाजाला रंग देतो. कुठली तार, कधी, किती दाबायची आणि ताल कसा सांभाळायचा, हे तो ठरवत नाही. एकच यंत्र दोघांच्या हातात द्या, दोन वेगळी गाणी ऐकू येतील. रोझेटा यांच्या ॲम्पच्या ट्यूब त्यांच्यासाठी वाजवत नव्हत्या, तसंच हे.

ओळख मिळते ती नाव लिहिल्याने. गाण्याच्या व्हिडिओखाली गायक-गायिकेचं नाव असतं, संगीतकाराचं असतं. गिटार कोणी वाजवली, हे बऱ्याचदा नसतं. कॉलेजच्या गॅदरिंगच्या पत्रिकेत, ऑर्केस्ट्राच्या बॅनरवर, रीलच्या कॅप्शनमध्ये वाजवणारीचं नाव टाकायला पैसे लागत नाहीत. आणि तिचं कौतुक करताना मुलगी असून हे दोन शब्द गाळले तरी वाक्य पूर्णच राहतं.

रोझेटा थार्प यांच्या बाबतीत हे काम जगाने फार उशिरा केलं. त्यांच्या गाण्यांच्या तबकड्या होत्या, फोटो होते, टीव्हीवरचं चित्रीकरण होतं. पुरावा कशाचाच कमी नव्हता. तरीही दगडावर नाव यायला ३५ वर्षं लागली.